एमआरआयचा पहिला निबंध परत आला होता

तुमच्यापैकी अनेकांनी एमआरआय करून घेतला असेल, किंवा घरातल्या कुणाला त्या मशिनच्या बोगद्यात जाताना पाहिले असेल. आतला ठकठक आवाज, दागिने काढून ठेवण्याची सूचना, अजिबात हलायचे नाही ही तंबी, हे सारे आठवत असेल. पण ज्या शोधनिबंधातून ही तपासणी जन्माला आली, तो निबंध पहिल्यांदा पाठवला तेव्हा नाकारला गेला होता. ही हकिकत तुम्हाला सांगण्याचे एक कारण आहे. ‘नवे संशोधन प्रसिद्ध झाले’ अशी बातमी मोबाइलवर आली की तिला किती महत्त्व द्यायचे, हे या हकिकतीतून नीट समजते.

आधी क्ष-किरणांची गोष्ट

जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी दिसत होती. २८ डिसेंबरला त्यांनी निबंधाचे हस्तलिखित तिथल्या भौतिक-वैद्यकीय सोसायटीकडे दिले आणि १ जानेवारी १८९६ रोजी छापील प्रती व फोटो ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने रवानाही केले. आज निबंध छापण्याआधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतात, तसे काही झाले नाही. तरी निबंध टिकला, कारण त्यात प्रयोग इतका स्वच्छ लिहिला होता की ज्याच्याकडे तशी नळी होती, तो स्वतः करून पाहू शकत होता.

काही आठवड्यांतच डॉक्टर मोडलेली हाडे आणि शरीरात अडकलेल्या गोळ्या शोधू लागले. निबंध खरा होता, पण हे किरण शरीराला काय इजा करतात ते त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. हात भाजू लागले, केस गळू लागले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली सतत क्ष-किरणांवर काम करत. त्यांना कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते गेले. छापून आलेली गोष्ट खरी असली तरी ती पूर्ण असतेच असे नाही, हा पहिला धडा.

दोन बारीक नळ्यांचे चित्र

आता अमेरिकेत येऊ. पॉल लॉटरबर हे न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याची अणुकेंद्रे मोठ्या चुंबकात ठेवली की ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे तोवर माहीत होते. गाठीच्या पेशींचा प्रतिसाद निरोगी पेशींपेक्षा वेगळा असतो, असे रेमंड डमेडियन यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. पण त्यासाठी उंदराची गाठ कापून बाहेर काढावी लागे. न कापता, बाहेरूनच हे कळेल का, असा प्रश्न लॉटरबर यांना पडला.

त्यांची युक्ती पेटीच्या उदाहरणाने समजेल. चुंबकाचा जोर सगळीकडे सारखा असेल तर शरीराच्या प्रत्येक भागातून एकच सूर येतो. तो जोर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू वाढवत नेला, तर प्रत्येक जागेचा सूर वेगळा होतो. पट्टी न बघता सूर ऐकूनच ती ओळखावी, तशी सुरावरून जागा ओळखता येते. निरनिराळ्या दिशांनी असे सूर घेतले की चित्र तयार होते.

त्यांचे चित्र दिसायला अगदी साधे होते. एका काचेच्या नळीत जड पाण्याचे मिश्रण, आणि त्यात साध्या पाण्याने भरलेल्या, एक मिलिमीटर पोकळीच्या दोन बारीक नळ्या. चित्रात दोन धूसर ठिपके. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये हा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकाकडे गेला आणि नापसंत झाला. विषयाचे महत्त्व पुरेसे व्यापक नाही, असे कारण मिळाले.

लॉटरबर यांनी फेरविचाराची विनंती केली. निबंध पुन्हा लिहिला आणि ही पद्धत कर्करोगाच्या गाठी अभ्यासायला कशी उपयोगी पडेल, ते त्यात स्पष्ट मांडले. १६ मार्च १९७३ रोजी तो छापून आला. २००३ मध्ये त्यांना पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

संपादक मूर्ख होते, असा अर्थ यातून काढू नका. दोन ठिपके पाहून मेंदूचे चित्र डोळ्यांसमोर येणे कुणालाही अवघडच. त्या नकारामुळे लेखकाला ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे लागले आणि निबंध जास्त चांगला झाला.

छापल्यानंतरची सात वर्षे

निबंध १९७३ चा. माणसाच्या शरीराची पहिली चित्रे १९७७ च्या सुमारास निघाली, तीही तासन् तास बसून. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथे जॉन मॅलार्ड यांच्या चमूने रुग्णाची उपयोगी पडेल अशी पहिली तपासणी केली ती ऑगस्ट १९८० मध्ये. मधल्या काळात अनेकांनी तोच प्रयोग करून पाहिला, चुका काढल्या, वेग वाढवला. तुमच्या हातातल्या रिपोर्टमागे ही सगळी वर्षे आहेत.

आज काय होते?

आज इमेजिंगच्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा तर किती रुग्ण तपासले, ते कसे निवडले, कोणते मशिन वापरले, निदान खरे की खोटे हे कशावरून ठरवले, ते सगळे लिहावे लागते. संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. फिल्मच्या कोपऱ्यातले तुमचे नाव आणि नोंदणी क्रमांक पुसावे लागतात. मग संपादक निबंध बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवतात, त्यांचे प्रश्न येतात आणि निबंध एकदा-दोनदा तरी दुरुस्त होतो. तुमचा स्कॅन संशोधनासाठी किंवा छापण्यासाठी हवा आहे, असे कुणी म्हटले तर संमतीपत्र नीट वाचा, शंका विचारा. नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यामुळे तुमचे उपचार थांबता कामा नयेत.

‘या नव्या स्कॅनने कर्करोग आधीच कळतो’ असा मेसेज आला, तर तीन गोष्टी विचारा. हे किती माणसांवर करून पाहिले? दुसऱ्या कुणाला तेच आढळले का? आणि त्या तपासणीमुळे रुग्णाच्या उपचारात काही फरक पडला का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत हजारो रुपये मोजायची घाई नको. उलट, तुमच्या डॉक्टरांनी एखादी साधी, जुनी तपासणी सुचवली तर ती जुनी म्हणून कमी समजू नका. तिने या तीन प्रश्नांची उत्तरे कधीच दिलेली असतात.