देहूमार्गे आलेली प्रार्थना

चाकणच्या औद्योगिक वसाहतीजवळ भामचंद्राचा डोंगर आहे. देहूचे तुकोबा इथल्या गुहेत चिंतनाला बसत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्या एकांतामागे केवढे दुःख होते! १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने दख्खन उजाड केले. तुकोबांचा व्यापार बुडाला, थोरली बायको अन्नावाचून गेली. मरण उंबरठा ओलांडून आत आलेले पाहिल्यावर या माणसाने विठ्ठलाकडे कृपा मागितली, आणि मराठीला शरणागतीची आपली भाषा मिळाली.

तिकडे जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२४ मध्येच याच जातीचे एक गीत प्रसिद्ध केले होते. जगता जगताच मरणाने घेरलेल्या माणसाला देवाच्या दयेशिवाय थारा नाही, हा त्याचा आशय. मूळ पद मध्ययुगीन लॅटिन. त्याचा धाक एवढा, की लोक ते शत्रूवर शापासारखे म्हणू लागले. १३१६ मध्ये कोलोनच्या धर्मसभेला बिशपच्या परवानगीशिवाय तसे म्हणण्यास बंदी घालावी लागली. ल्यूथरने जुन्या कडव्याला दोन नवी जोडली. मरणानंतर नरक, मग पाप असा भयाचा उतार, आणि प्रत्येक पायरीवर दयेची याचना. शापाचे पद पुन्हा प्रार्थना झाले, ही त्याची मोठी कामगिरी.

हेच लॅटिन पद इंग्रजी रूपात इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीत आले आणि मिशनऱ्यांबरोबर त्याचा आशय महाराष्ट्रातही पोहोचला.

पण मराठी ख्रिस्ती माणूस भक्ती गाऊ लागला तो वेगळ्याच वळणाने. कृष्णरत्न सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींची वाट आधीच मोकळी केली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिचा राजरस्ता केला. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला राहून त्यांनी अभंग, ओव्या आणि भजने रचली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. आपली अपात्रता पदरात घेऊन दयेपुढे उभे राहण्याची त्यांची रीत देहूची आहे, हे पदे वाचणाऱ्याला लगेच जाणवते.

त्यांची भजने ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही चर्चमध्ये म्हटली जातात. मिशनरी निकल मॅकनिकल यांनी त्यांतली काही इंग्रजीत नेली, तर १९१९ मध्ये मराठी संतांच्या १०८ पदांचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध केला. टिळक त्याच वर्षी गेले.

पुढे देहूजवळ पिंपरी-चिंचवडला कारखाने आले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, मग इतर कंपन्या उभ्या राहिल्या. रोजगारासाठी आलेल्यांत नगरकडची ख्रिस्ती कुटुंबेही होती. टिळकांची भजने अशी देहूच्या शेजारी राहायला आली.

देहू, आळंदी, पिंपरी-चिंचवड इथे तुकोबांवर कीर्तने, व्याख्याने होतात. आयोजकांनी त्यांत एक संध्याकाळ टिळकांच्या भजनांसाठी राखावी आणि ती गायला इथल्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना बोलवावे.