चित्र उरते, अर्थ जपावा लागतो

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात बारसू नावाचे गाव आहे. २०२३ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादामुळे हे नाव महाराष्ट्रभर गाजले. परंतु त्या गावाच्या सड्यावर त्या वादाहून कितीतरी जुनी अशी एक गोष्ट पडून आहे. जांभ्या दगडाच्या उघड्या कातळावर कुणा अज्ञात हातांनी एक मोठी मनुष्याकृती कोरली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंस वाघासारखे एकेक जनावर. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुण-तरुणींना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. कॉलेजात मराठी साहित्य शिकणाऱ्या एका मुलीने क्षणभर पाहिले आणि ती उद्गारली, “फादर, हा तर दानिएल! सिंहांच्या गुहेतला!” बाकीची मुले हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. तिशी उलटण्यापूर्वी सेमिनरीच्या वर्गात हीच चूक आम्ही उलट्या बाजूने केली होती.

त्या वर्गात ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविणाऱ्या आमच्या वयोवृद्ध गुरुजींनी एके दिवशी पडद्यावर रोमच्या भुयारी दफनभूमीतील एक भित्तिचित्र दाखविले. मध्ये हात उंचावून उभा असलेला एक तरुण, डाव्या-उजव्या अंगास दोन सिंह. “काय दिसते?” त्यांनी विचारले. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरलो, “दानिएल.” गुरुजी शांतपणे म्हणाले, “दानिएल तुम्हांला दिसत नाही. दिसतो तो एक माणूस आणि दोन जनावरे. दानिएल तुम्ही ऐकलेला आहे. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे कानांनी ऐकले, त्यांची गल्लत करू नका.” त्या दिवशी आम्ही मनातून थोडे दुखावलो होतो. आज वाटते, चार वर्षांच्या अभ्यासातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच असावे.

वाचकहो, ही दोन चित्रे मनोमन शेजारी ठेवून पाहा. रचना जवळजवळ एकच. परंतु एकाचा अर्थ आपण सांगू शकतो आणि दुसऱ्याचा नाही. असे का व्हावे?

तिसऱ्या-चौथ्या शतकांतील रोमच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांच्या विसाव्याच्या जागी दानिएल चितारला, तो केवळ शोभेसाठी नव्हे. त्यांनी दानिएलच्या ग्रंथातील कथा उपासनेत ऐकली होती. ज्या देवाने आपल्या सेवकास सिंहांच्या तोंडून सोडविले, तोच देव आपल्या प्रियजनांस मरणाच्या तोंडून सोडवील, ही त्यांची आशा होती. पुढे मरणासन्न माणसासाठी करावयाच्या ख्रिस्तसभेच्या जुन्या प्रार्थनेतही दानिएलचे नाव आले. सिंह दोनच का, असेही कुणी विचारील. दानिएलच्या चौदाव्या अध्यायात तर सात सिंह आहेत! चित्रकाराला दोन्ही बाजूंचा तोल हवा होता, म्हणून त्याने दोन काढले. म्हणजे चित्र हे ग्रंथाची नक्कल नव्हते. ग्रंथ ऐकलेल्या माणसांसाठी ती एक खूण होती. ग्रंथ टिकला, प्रार्थना टिकली, ती म्हणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, म्हणून त्या खुणेचा अर्थ आपल्यापर्यंत पोहोचला.

बारसूच्या कातळाचे भाग्य असे नाही. तेथे आकृती उरली, पण ती कोरणाऱ्यांची भाषा, त्यांची गाणी, त्यांच्या प्रार्थना यांतले काहीच उरले नाही. अशी कातळशिल्पे रत्नागिरी, राजापूर, लांजा या तालुक्यांतील सड्यांवर ठिकठिकाणी आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांच्यासारख्या अभ्यासकांनी उन्हातान्हात सडे तुडवून, गुराख्यांना व वृद्ध ग्रामस्थांना विचारून ती उजेडात आणली. २०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही जिल्ह्यातील सात ठिकाणे, तसेच सिंधुदुर्गातील कुडोपी व गोव्यातील फणसमाळ, यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या देहाच्या रेषेआत इतर अनेक प्राण्यांची चित्रे सामावली आहेत. आज कोकणात नसलेला गेंडाही या शिल्पांत आढळतो.

अभ्यासक या मुक्या चित्रांकडून काय शिकतात, हे पाहण्यासारखे आहे. शिकारीची जनावरे, मासे, पक्षी कोरलेले आहेत. शेतीची दृश्ये मात्र सापडत नाहीत. यावरून ती कोरणारे लोक शिकार व मासेमारीवर जगणारे असावेत, असे अनुमान बांधले जाते. येथे ‘असावेत’ हा शब्द महत्त्वाचा. दिसते ते एक, त्यावरून काढलेले अनुमान दुसरे आणि आपल्या मनाने घातलेली भर तिसरी. लोकांनी काही ठिकाणी या आकृत्यांशी पांडवांचे नाव जोडले. आमच्या विद्यार्थिनीने दानिएलचे जोडले. दोहोंतही प्रेम आहे, श्रद्धा आहे. परंतु बारसूचा तो पुरुष जनावरांना आवरतो आहे, त्यांच्याशी झुंजतो आहे, की त्यांचा स्वामी म्हणून उभा आहे, हे सांगणारा कुणीही आता उरलेला नाही. ज्याने कोरले त्याला ते ठाऊक होते. त्याच्या नातवालाही बहुधा ठाऊक असेल. मग कुठल्यातरी एका पिढीने सांगायचे सोडले, किंवा ऐकायला कुणी उरले नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तीच मुलगी आमच्याकडे आली. तिच्या हातात केशवसुतांच्या कवितांचे पुस्तक होते. “फादर, कातळ मुका आहे हे पटले. पण कविता तर शब्दांचीच असते ना? मग ‘झपूर्झा’चा अर्थ मार्गदर्शकात एक, सर सांगतात दुसरा आणि मला वाटतो तिसरा, असे का? परीक्षेत लिहू तरी काय?”

प्रश्न रास्त होता आणि रत्नागिरीकरांच्या तर घरचाच होता. कृष्णाजी केशव दामले म्हणजेच केशवसुत यांचा जन्म १८६६ साली गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंड गावी झाला. पेशाने शिक्षक असलेला हा कवी १९०५ साली हुबळी येथे प्लेगने वारला. त्यांच्या कवितांचा संग्रह हरि नारायण आपटे यांनी प्रसिद्ध केला तो १९१७ साली, म्हणजे कवीच्या निधनानंतर बारा वर्षांनी. पुस्तक हाती घेऊन ‘येथे आपल्या मनात काय होते?’ असे विचारायला जावे, तर कवी नव्हता. ‘झपूर्झा’ हा शब्द तर कोशातलाही नव्हे. मुलींच्या झिम्म्यात ‘जा पोरी जा’ हे बोल भराभर म्हटले की ‘झपूर्झा’ असे ऐकू येते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. सुखदुःखाचा हिशोब मावळलेल्या एका तंद्रीला नाव देण्यासाठी कवीने पोरींच्या खेळातला हा गिरकी घेणारा बोल उचलला.

आम्ही तिला म्हटले, “बाळ, मार्गदर्शक आधी मिटून ठेव. प्रथम घरी जाऊन आजीला विचार, तिने लहानपणी झिम्मा खेळताना काय म्हटले होते. मग कविता मोठ्याने वाच. मग जे कवितेत आहे ते एका रकान्यात लिही, जे लोकांकडून कळले ते दुसऱ्यात आणि जे तुला वाटते ते तिसऱ्यात. तिन्ही लिही, पण सरमिसळ करू नको.” गुरुजींचा धडा आम्ही तिच्या ओंजळीत घातला, इतकेच.

आता येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी, लोक चित्रांचीच आराधना करू लागले म्हणून, चर्चमधील चित्रे फोडून टाकली. थोर पोप संत ग्रेगरी यांनी त्यांना पत्रे लिहून समज दिली. चित्रांची आराधना होऊ नये हे खरे. पण ती नष्ट करणे योग्य नव्हे, कारण वाचणाऱ्यास जे ग्रंथातून मिळते ते निरक्षरास चित्रातून मिळते, असा त्यांचा आशय होता. हे वचन आपण नेहमी ऐकतो. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: चित्रापाशी उभे राहून कथा सांगणारा कुणीतरी असला पाहिजे. ज्याने कथा कधी ऐकलीच नाही त्याला चित्र वाचता येत नाही, मग तो कितीही शिकलेला असो.

फादर थॉमस स्टीफन्स यांना हे नेमके उमगले होते. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने साष्टीत आयुष्य वेचले आणि मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या आरंभीच एक प्रसंग येतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला तसे काही का देत नाही, असे एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीगुरूंना विचारतो. कथा हिरावलेल्या समाजाची ती भूक होती. स्टीफन्सनी दोन भागांत सुमारे अकरा हजार ओव्या रचून ती भागविली. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हाच शब्द योजला. आज कुणी तो शब्द पाहून दचकतो, कुणी त्यावरून घाईने भलते निष्कर्ष काढतो. परंतु ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्या कानांवर कोणता शब्द होता, हे विचारल्याशिवाय त्या कवितेला न्याय मिळत नाही.

या ग्रंथाच्या पुढे १६४९ व १६५४ साली आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. छापील पुस्तक नाहीसे झाले, तरी पुराण मेले नाही! मंगळूरकडील कॅथॉलिक घराण्यांनी हस्तलिखिते करून ते जपले, वाचले, गायिले. आणि त्या हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती काढली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली. बारसूला दगड उरला आणि बोल हरपला. येथे कागद हरपला, पण बोल उरला. दगड टिकाऊ की कंठ, याचे उत्तर इतिहासाने असे दिले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातच, करजगाव येथे, १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ‘ख्रिस्तायन’ लिहिता लिहिता १९१९ साली निवर्तले. ते महाकाव्य पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नव्हती. ऐकणारीच पुढे सांगणारी झाली. परंपरा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

एवढे सांगून आम्ही आपल्याच अंगणाकडे वळतो. आपल्या चर्चमध्ये संत पेत्राच्या हाती किल्ल्या का, पवित्र मरियेच्या पायांखाली सर्प का, आपली छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजणारा पक्षी कशाची खूण, हे आपल्या घरातील किती मुलांना सांगता येईल? मागील वर्षी पहिल्या कम्युनिअनच्या वर्गात आम्ही किल्ल्यांविषयी विचारले. एक मुलगा निरागसपणे म्हणाला, “फादर, ते चर्चचे वॉचमन असतील.” आम्ही हसलो, पण रात्री झोप आली नाही. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याने जे दिसले तेच सांगितले. ऐकविण्याचे काम आमचे होते, त्याच्या आईवडिलांचे होते. आणखी दोन पिढ्या आपण असेच गप्प राहिलो, तर आपल्या वेदीवरील मूर्ती सड्यावरच्या आकृत्यांसारख्या होतील: सुंदर, भव्य आणि मुक्या.

ती विद्यार्थिनी परीक्षा झाल्यावर पुन्हा भेटली. गुण किती पडले हे तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. एक वही मात्र तिने दाखविली. आजीकडून झिम्म्याचे बोल उतरवून घेता घेता आजीने तिला जुनी भक्तिगीते, लग्नातल्या ओव्या, घरच्या वेदीवरील तसबिरीची हकिगत, असे बरेच काही सांगितले होते. वहीला तीन रकाने होते. तिसरा अजून बराचसा कोरा होता. दुसरा, ऐकलेल्याचा, भरून वाहत होता आणि तिने त्यासाठी दुसरी वही आणली होती.