नाडी की श्वास?

जुन्या चांदा जिल्ह्याचे दक्षिण टोक म्हणजे सिरोंचा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात मोडते. गावाला लागून प्राणहिता वाहते. एकोणिसाव्या शतकात तिच्या पैलतीरी निजामाचे राज्य सुरू होई. भुलेच्या औषधांचा इतिहास वाचताना मला ही नदी हटकून आठवते. कारण त्यातला एक मोठा वाद त्याच राज्यात लढला गेला.

क्लोरोफॉर्मखाली रोगी दगावतो तेव्हा आधी काय थांबते, हृदय की श्वास? हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत, श्वास. निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि कौल लॉरींच्या बाजूने पडला. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेत हृदयही एकाएकी बंद पडू शकते. लॉरींचा सिद्धांत लंगडा ठरला.

पण 'श्वासावर नजर ठेवा' हा त्यांचा उपदेश फुकट गेला नाही. क्लोरोफॉर्म मागे पडले. वेदना मारण्यासाठी अफूपासून निघणारे मॉर्फिन होतेच, १९६० साली पॉल यान्सेन यांनी त्याहून कितीतरी जहाल असे फेंटानिल तयार केले. या औषधांखाली नाडी चांगली लागत असते आणि श्वास मात्र मंदावत जातो. रक्तात कर्बवायू साचला तरी मेंदूतले श्वासाचे केंद्र जागे होत नाही. पोटाचे स्नायू उच्छ्वासाच्या वेळी आवळतात. मोठी मात्रा झपाट्याने दिली, तर छाती लाकडासारखी ताठ होते, स्वरतंतू मिटतात, आणि बाहेरून हवा भरू म्हटले तरी आत शिरत नाही. मग स्नायू सैल करणारे औषध देऊन श्वासनलिकेत नळी घालावी लागते.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. अफूच्या गुंगीतला माणूस जागा असेल, तर 'श्वास घ्या' म्हटल्यावर पुष्कळदा श्वास घेतो. त्याला श्वासाचा विसर पडलेला असतो, शक्ती गेलेली नसते. भूल चढली की ही हाक त्याच्या कानी पोचत नाही. तेव्हा त्याच्या वतीने आठवण ठेवणारा कोणीतरी उशाशी हवा.

शहरात त्यासाठी यंत्र असते आणि भूलतज्ज्ञही असतो. भामरागडच्या रानात, हेमलकसा येथे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली काम उभारले, तेव्हा तेथे वीजही नव्हती. अशा ठिकाणांसाठी केटामाइन हे औषध मोलाचे ठरले. कारण त्याच्या भुलेत श्वास बहुधा आपला आपण चालू राहतो. १९६२ साली ते प्रथम तयार झाले. अफूच्या औषधांवरचा उतारा नॅलॉक्सोन हाही त्याच सुमारास, १९६१ साली आला.

उतारा आला, यंत्रे आली, तरी उशाशी बसणाऱ्याचे काम संपले नाही. रानातल्या दवाखान्यात चाकू धरणारा आणि श्वास मोजणारा एकच माणूस असावा लागतो, तेव्हा लॉरींचा जुना उपदेश किती जड आहे हे कळते.