कापसाचे दफ्तर

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जऊळका नावाचे जे गाव आहे आणि ज्याला स्थानकामुळे ‘जऊळका रेल्वे’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्याच्या वाट्याला इतिहासग्रंथांतील स्वतंत्र प्रकरण आलेले नाही. राजधानीचा मान वाशीमला मिळाला. वाकाटकांच्या एका शाखेने तेथे, म्हणजे प्राचीन वत्सगुल्मात, राज्य केले. भोवतीच्या खेड्यांचा इतिहास मात्र महसुली दफ्तरांत राहिला. अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बाशीमची, म्हणजे वाशीमची, गणना झाली, पुढे हैदराबादच्या निजामाची राजवट आली, तिच्यामागून इंग्रजी अंमल आला. दफ्तराची भाषा बदलली, शिक्के बदलले, परंतु जमिनीतून काय निघाले आणि त्यातून सरकारात किती जमा व्हावयाचे, हा प्रश्न विचारावयास एकही राजवट चुकली नाही. ते पीक काढताना, वेचताना आणि बाजारात पोहोचविताना ज्या देहांची झीज झाली त्यांच्यासाठी मात्र या दफ्तरात रकाना आखला गेला नाही. वऱ्हाडात कापसाच्या वैभवाबरोबर आजारही वाढला, आणि वैभव एकाच्या पदरी व आजार दुसऱ्याच्या अंगी अशी जी वाटणी झाली ती दैवाने केली नसून बव्हंशी नोंदीच्या आणि कायद्याच्या पद्धतीने केली, हे या इतिहासाचे सार आहे.

१८५३ च्या तहाने, हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा तेथील कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या व्यापारी जगाचे डोळे लागले. जमिनीची मोजणी होऊन सर्व्हे नंबर पडले, प्रतवारी लागली, खातेदार कोण हे कागदावर ठरले. अकोला-बडनेऱ्यावरून जाणारी आगगाडी १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली, आणि कापसाच्या बाजारासाठी नावाजलेल्या खामगावचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा एक खास कापूस-कमिशनर नेमला गेला, आणि पीक किती, आवक किती, बियाणे कोणते याचे सविस्तर अहवाल सिद्ध होऊ लागले. त्याआधीच, १८६३ मध्ये, ज्या मुंबई बंदरातून वऱ्हाडचा माल विलायतेस जाई त्या मुंबई इलाख्यात, कापसात भेसळ करणाऱ्यांना शासन करणारा कायदा संमत झाला होता. रुईत माती किंवा सरकी मिसळली जाऊ नये याची चिंता सरकारला इतक्या लवकर पडली. रुईचे तंतू माणसाच्या छातीत मिसळत होते, याची चिंता पडावयास फार वेळ लागला.

हे तंतू कोणाच्या छातीत जात होते हे पाहावयाचे तर जिनात शिरले पाहिजे. हाताच्या रेच्यावर घरोघर चालणारे सरकी काढण्याचे काम वाफेच्या यंत्रांकडे गेले तेव्हा गावोगावच्या गरीब स्त्रिया यंत्रांपाशी आल्या. लांबट, झरोके कमी असलेल्या दालनात यंत्रांची ओळ, प्रत्येक यंत्रापाशी एक बाई, तिच्या उजव्या-डाव्या अंगाला कापसाचा ढीग. रुळावर ओंजळीओंजळीने कापूस सारीत राहावयाचे, पलीकडे रुई पडत राहावयाची, खाली सरकी गळत राहावयाची, आणि मधल्या हवेत पानांचा चुरा, माती व बारीक तंतू यांचे असे धुके साचावयाचे की दिवस मावळेतो भुवया आणि पापण्या पांढऱ्या होऊन जाव्यात. कापसाच्या धुळीने जडणाऱ्या छातीच्या विकाराचे लक्षण असे की, आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते, पुढे ती आवळ रोजची होते, आणि अखेर काम सुटले तरी दम सुटत नाही. ही गोष्ट जगाला अगदीच अपरिचित होती असेही नाही. इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जवस आणि तागासारख्या तंतूंचे पिंजण करणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन केलेले आहे.

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक माणसे कामावर असणारा आणि वर्षातून निदान चार महिने चालणारा तो कारखाना, अशी त्याची व्याख्या होती. जिन हा तर हंगामाचा धंदा. सुगीनंतर सुरू व्हावयाचा आणि कापूस सरला की थंड पडावयाचा. साहजिकच ज्या जिनांचा हंगाम आखूड ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या हंगामी कारखान्यांना कायदा लागू झाला तो १९११ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. मुंबईत १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे सरकारदरबारी मांडू लागले होते. वऱ्हाडच्या जिनांतील बाईला असा कैवारी लाभणे कठीण होते, कारण ती चार महिने कामगार आणि आठ महिने शेतमजूर असे, आणि ज्याचे नाव वर्षभर एका रजिस्टरात राहत नाही त्याचा कैवार घेण्याची सोय कोणत्याच कचेरीत नसते.

तिच्या मृत्यूची नोंद मात्र होत असे. गावकामगारांनी वर्दी द्यावयाची आणि वरच्या कचेरीत ती वर्गवारीने उतरवावयाची: देवी, पटकी, ताप, हगवण, इजा आणि इतर कारणे. या रकान्यांपैकी तापाचा रकाना नेहमी सर्वांत फुगलेला असे, कारण ज्याचे निदान करणारा वैद्य गावात नाही असा कोणताही मृत्यू अखेर ताप या नावाखाली जाई. साथीचा रोग सरकारला दिसला, कारण तो धन्याच्या वाड्यावरही येतो. धंद्याचा रोग दिसला नाही, कारण तो ज्याच्या अंगी बसतो त्याच्याच झोपडीत राहतो.

१९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली आणि जुना बाशीम जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे गेला, आणि वाशीमला जिल्ह्याचा दर्जा पुन्हा मिळावयास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडला. या मधल्या काळात कारंज्याला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे आली, जऊळक्याला मीटरगेज आली; तिची ब्रॉडगेज पुढे २००८ मध्ये झाली. अलीकडच्या दशकांत वाशीम जिल्ह्यात सोयाबीनने कापसाला मागे सारले. पीक बदलले, पण दोन्ही पिकांना एक गोष्ट समान लागू झाली, ती म्हणजे फवारणी.

कीटकनाशकांच्या कायद्याचा जन्मही एका दुर्घटनेतून झाला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या विषारी द्रव्याचा अन्नधान्याशी संसर्ग होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. चौकशी झाली, आणि त्यातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व १९७१ चे नियम आले. पुढे बोंडअळीवर नवी नवी द्रव्ये आली आणि अळी त्यांना सरावत गेली; २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा फवारण्या संपल्या असे अनेकांना वाटले, पण काही वर्षांतच गुलाबी बोंडअळी बीटीलाही पुरून उरली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. पाठीवर पंप घेऊन त्या दाट शिवारात शिरलेल्या माणसाला फवारा खाली नव्हे, तर छातीसमोर आणि डोक्यावर धरावा लागत होता. वाऱ्याने परतलेले तुषार तोंडावर येत, पानांवरचे द्रव अंगावर निथळे, आणि ओला सदरा दिवसभर तसाच पाठीला चिकटून राही. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील विष कातडीतूनही रक्तात उतरते, आणि मज्जातंतूंच्या कार्याला आवश्यक असलेले कोलिनेस्टरेज निकामी करते. मग घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, वांती होते, श्वास कोंडतो. त्या हंगामात शेकडो माणसे रुग्णालयांत दाखल झाली, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास मृत्युमुखी पडली, आणि अकोला, अमरावती, बुलढाणा या वऱ्हाडच्या इतर जिल्ह्यांतूनही अशाच वार्ता आल्या. त्यांत अल्पभूधारक होते, आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे भूमिहीन मजूरही होते.

या मजुरांच्या बाबतीत दफ्तराचा जुना न्याय पुन्हा प्रत्ययास आला. शेतकऱ्याला अपघाती मृत्यूची भरपाई देणारी तेव्हाची राज्याची विमा योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी होती. पंप पाठीवर घेणाऱ्याचे नाव त्या उताऱ्यावर नसेल, तर विष त्याच्या अंगात गेले तरी योजनेचा लाभ त्याच्या घरात जाण्याचा मार्ग नव्हता. बाधित कुटुंबांपैकी काहींनी २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासल येथे एका कंपनीविरुद्ध दावा गुदरला. त्या कंपनीने आपला संबंध नाकारला, आणि मग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी, कोणत्या बाटलीतील द्रव्य फवारले गेले हे कागदाने शाबीत करण्याचा प्रसंग त्या माणसांवर आला, ज्यांच्या कामाचा कागद कधी कोणी केलाच नव्हता.

म्हणून या प्रश्नाकडे केवळ हातमोजे आणि मुखपट्ट्या वाटण्याचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे आहे. कारखान्यातील धंद्याचा रोग आढळला तर वैद्याने तो सरकारला कळविलाच पाहिजे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ८९ व्या कलमाने केली होती, पण शेत हा कारखाना नव्हे. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाचे २६ वे कलम राज्य शासनाला असा अधिकार देते की, फवारणीतून झालेली विषबाधा ज्याच्या निदर्शनास येईल त्याने ती कळवावी, असा हुकूम शासनाने काढावा. तो काढणे न काढणे मात्र शासनाच्या मर्जीवर सोपविलेले आहे. गाव नमुना बारामध्ये जऊळक्याच्या प्रत्येक सर्व्हे नंबरात यंदा कोणते पीक उभे आहे हे लिहिले जाते. त्याच शिवारात फवारणी कोणी केली, कशाची केली आणि त्यानंतर त्याला काय झाले, हे तलाठ्याच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दफ्तरात उतरले, तर भरपाई मागणाऱ्याला पुरावा मिळेल, वैद्याला निदान मिळेल आणि विष विकणाऱ्याला जाब द्यावा लागेल. ज्या राज्यकारभाराने कापसाचा तोळामासा हिशेब दीडशे वर्षे ठेवला, त्याला हे अवघड आहे असे म्हणता येणार नाही.