साखरेचा अडत्या

मधुमेह्याची साखर पूर्वी लघवीत पाहत. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचे आणि रंग पाहायचा : हिरवा, पिवळा की विटकरी? पण रक्तातली साखर शंभर मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. इन्शुलिन जास्त होऊन साखर घसरली, तर द्रावण आपले निळेच; रोगी मात्र घामाघूम होऊन बेशुद्ध!

रक्तातलीच साखर विजेने मोजण्याची वाट अमेरिकेत लेलंड क्लार्क यांनी दाखवली. प्राणवायू मोजणारे विद्युदग्र त्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले होते. १९६२ मध्ये त्यांनी व लायन्स यांनी त्याला ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमची जोड सुचवली. हे एन्झाइम साखरेचे इलेक्ट्रॉन काढून प्राणवायूला देते. प्राणवायू जितका घटेल, तितकी साखर. कल्पना सुरेख खरी. पण रक्तात मुळातच प्राणवायू कमीअधिक असतो, त्याचे काय? बरे, तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजावे, तर विद्युतदाब जास्त लागतो. त्या दाबाला क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन देऊन मोकळी होतात. म्हणजे तापाची गोळी घ्यावी आणि साखर वाढलेली दिसावी!

मग एन्झाइमने इलेक्ट्रॉन सरळ विद्युदग्रालाच का देऊ नयेत? कारण त्याचे कार्यस्थान प्रथिनाच्या पोटात खोल दडलेले असते. तिथून उडी पोचत नाही. इथे कामी आले १९५१ साली जगापुढे आलेले फेरोसीन. कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांमध्ये लोखंडाचा एक अणू; तो इलेक्ट्रॉन सहज देतो, सहज घेतो. एन्झाइमकडून माल उचलायचा, विद्युदग्राच्या दारी टाकायचा, पुन्हा रिकाम्या हाताने परत. अडत्याच म्हणा ना, फक्त अडत न घेणारा! क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्ड इथल्या संशोधकांनी १९८४ मध्ये हे प्रसिद्ध केले, आणि १९८७ मध्ये पेनाएवढे ‘एक्झॅकटेक’ यंत्र बाजारात आले. बोटाचा थेंब, अर्धे मिनिट, आकडा हजर. क्लार्क यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. पण मोजमाप रोग्याच्या घरी पोचवण्याचे श्रेय, मला वाटते, या अडत्यालाच अधिक.

तरी प्राणवायू मध्येच काही इलेक्ट्रॉन पळवीच. म्हणून पुढे काही पट्ट्यांत प्राणवायूला न जुमानणारे दुसरे एन्झाइम घातले. त्यातल्या एका प्रकाराला माल्टोज आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नसे. आयकोडेक्स्ट्रिन वापरून ज्यांचे पोटातले डायलिसिस चाले, त्यांच्या रक्तात माल्टोज असायचेच. यंत्र साखर जास्त दाखवी, इन्शुलिन दिले जाई, आणि खरी साखर तळाला जाई. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये याबद्दल इशारा दिला, तोवर असे १३ मृत्यू नोंदले गेले होते.