शेवंतीची काशी

मार्गशीर्षातले गुरुवार झाले, संक्रांत झाली, की शेवंतीचा भाव उतरतो आणि आपलं तिच्याकडचं लक्षही. फुलं सरलेली झाडं उपटायची, बांधावर फेकायची. आज आम्ही बोलणार आहोत ते नेमकं याच दिवसांबद्दल. शेवंती जगली ती या दिवसांत कुणीतरी राखली म्हणून.

ही फुलं मूळची चीनची. तिथे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ताओ युआनमिंग नावाचा कवी सरकारी नोकरी सोडून शेतीवर परतला. त्याच्या कुंपणाजवळची शेवंती चिनी लोक अजून विसरलेले नाहीत. ११०४ साली ल्यू मंग याने तर नुसत्या शेवंतीच्या वाणांवर ग्रंथ लिहिला.

युरोपात मात्र ती सहज रुजली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये तिचे काही वाण पोचले होते, ते पुढे नाहीसे झाले. मग १७८९ साली ब्लांकार नावाच्या व्यापाऱ्याने फ्रान्सच्या मार्सेय बंदरात चीनहून तीन वाण आणले. दोन मेले. एक जांभळा तेवढा जगला, आणि त्याचीच रोपं पुढे पॅरिसला, लंडनजवळच्या क्यू बागेत गेली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोठी क्रांती झाली म्हणतात. आम्हाला कौतुक त्या धामधुमीत झाड जगवणाऱ्या हातांचं.

झाड मेलं तर बी पेरून दुसरं का नाही करायचं? कारण शेवंतीचं बी आईसारखं निघत नाही. आपली झिप्री, राजा, पांढरी रेवडी, सगळ्या काशीवरूनच चालत आल्या. तुमच्या वाफ्यातली झिप्री म्हणजे कुणाच्या तरी वाफ्यातल्या जुन्या झिप्रीचाच तुकडा. आणि जुनं झाड तसंच ठेवून भागत नाही. एक हिवाळा फुललं की खोड दमतं, खोडवा ठेवला तर फूल बारीक पडतं.

म्हणून फुलं ऐन भरात असतानाच चांगल्या, निरोगी झाडाला चिंधी बांधून ठेवा. नंतर सगळी झाडं सारखीच दिसतात. तोडणी संपली की झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, हलकं पाणी द्या. बुडाशी काश्या फुटतील. त्या मुळांसकट अलग करा, जुनं खोड टाकून द्या. उन्हाळाभर सावलीच्या वाफ्यात ठेवा. पाणी थोडं द्या पण चुकवू नका, आणि साचू तर मुळीच देऊ नका, मुळं कुजतात. मृगाच्या पावसावर रानात लावा.

हे आम्ही चुकूनच शिकलो. आमच्या गटातल्या एकीने माहेराहून पांढरी रेवडी आणली होती. सगळ्या काश्या आम्ही एकाच वाफ्यात ठेवल्या. वैशाखात घरात लग्न निघालं, आठ दिवस पाणी द्यायचं राहिलं, आणि एकही काशी हाती लागली नाही. माहेरीही तोवर ऊस झाला होता. दोन वर्षं शोधून लांबच्या एका गावात ती सापडली.

यंदा तिच्या काश्या तीन घरांत ठेवल्या आहेत. कुणाकडे जुनी पिवळी रेवडी असेल तर घेऊन या, बदल्यात पांढरीच्या पाच काश्या देऊ.