दीड वीत लांबीचं, पण खऱ्या वाफेवर पळणारं: बागेतल्या रेल्वेचं इंजिन ‘आपलं’ कसं करून घेतात?

मोबाईलवर अशी एखादी क्लिप तुम्ही नक्की पाहिली असेल. फुलझाडांच्या कडेने अरुंद रूळ गेलेत, त्यावरून दीड-दोन वीत लांबीचं इंजिन डबे ओढत येतं आणि धुराड्यातून पांढरी वाफ निघते. आपल्याला वाटतं आत मोटर असेल आणि वाफेसाठी एखादी धूरकांडी लावली असेल. पण बऱ्याचदा तसं नसतं. आत खरंच तांब्याचा बॉयलर असतो, त्याखाली किंवा त्यातल्या नळीत गॅसची ज्योत पेटलेली असते, पाणी उकळतं आणि ती वाफ पिस्टन ढकलते. याला ‘लाइव्ह स्टीम’ म्हणतात.

हा छंद सगळ्यात जास्त रुजला तो ब्रिटनमध्ये. जर्मनी, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया इथेही त्याचे वेडे भरपूर. आणि या मंडळींची एक खोड आहे. कारखान्यातून आलेलं इंजिन जसंच्या तसं चालवायचं नाही. रंग बदल, धुराडं बदल, रिमोट बसव, नावाची पितळी पाटी लाव. यातलं काय बिनधास्त करता येतं, काय जपून करायचं आणि कशाला हातही लावायचा नाही, ते आज पाहू.

आधी मापाचं गणित

ब्रिटनमध्ये या छंदात ‘सोळा मिलिमीटर’ हे माप चालतं. म्हणजे खऱ्या इंजिनाचा एक फूट मॉडेलमध्ये १६ मिमी होतो. प्रमाण साधारण १:१९. साडेपाच फुटी ड्रायव्हर या इंजिनात ८८ मिमीचा उभा करावा लागतो. दोन फुटी रूळ ३२ मिमीचे होतात आणि त्या मापाचे तयार रूळ मिळतात.

दोन फुटी म्हटलं की आपल्याला माथेरान आठवायला हवं. नेरळ ते माथेरान ही १९०७ साली सुरू झालेली, आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभी केलेली गाडी दोन फुटी गेजचीच. दार्जिलिंगचीही तशीच. म्हणजे माथेरानचं इंजिन १:१९ मध्ये केलं तर ते ३२ मिमीच्या रुळावर बरोब्बर बसतं. बार्शी लाइट रेल्वे किंवा विदर्भातली शकुंतला मात्र अडीच फुटी. गणित केलं तर ४० मिमी येतं. छंदातली दुसरी प्रचलित रुंदी ४५ मिमी आहे, त्यामुळे आपली बार्शी दोन्हींच्या मधेच अडकते. अशा वेळी लोक थोडी तडजोड करतात. अनेक तयार इंजिनांची चाकं आसावर सरकवून ३२ किंवा ४५ मिमीला बसवता येतात, एका छोट्या पान्याचं काम असतं.

बॉयलरला हात लावायचा नाही

सगळे नियम विसरलात तरी चालेल, पण हा नको. घरातला प्रेशर कुकर साधारण १ बार दाबावर शिट्टी देतो. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या राउंडहाउस कंपनीची इंजिनं चालतात ती ४० पीएसआयवर, म्हणजे सुमारे पावणेतीन बार. डबा लहान आहे म्हणून तो खेळणं ठरत नाही. त्यात साठलेली ऊर्जा खरी असते आणि आतलं पाणी १०० अंशांवर नसून १४० अंशांच्या थोडं वर असतं. गळती झाली की त्याची क्षणात वाफ होते.

म्हणून बॉयलरला भोक पाडून एखादी पट्टी बसवणं, बाहेरून कथलाचा डाख देऊन काहीतरी चिकटवणं हे प्रकार करायचे नाहीत. कथील-शिशाचा साधा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो. बॉयलरचे जोड चांदीमिश्रित झाळणीने ६०० अंशांच्या वर तापवून केलेले असतात. एकदा तिथे कथील लागलं की पुढे कधी दुरुस्तीसाठी पुन्हा झाळायची वेळ आली तर ते कथील जोडात मिसळतं आणि जोड कमकुवत होतो. बरेच कारागीर मग तसा बॉयलर हातातच घेत नाहीत.

दुसरा मोह सेफ्टी व्हॉल्व्हचा. ‘इंजिन चढावर दमतंय, स्प्रिंग जरा आवळू’ असं वाटतं. कुकरची शिट्टी वर दगड ठेवून दाबून धरण्यासारखंच आहे ते. इंजिन दमत असेल तर दोष सहसा दुसरीकडे असतो: बर्नरच्या बारीक छिद्रात कचरा, कोरडे सिलिंडर किंवा डब्यांची घट्ट बसलेली चाकं.

ब्रिटनमध्ये मॉडेल बॉयलरच्या चाचणीचे ठरलेले नियम आहेत. दाब आणि घनफळ यांचा गुणाकार ३ बार-लिटरपेक्षा जास्त असला की नियम अधिक कडक होतात. बागेतली छोटी इंजिनं बहुधा त्याखालीच राहतात. चाचणी करताना वाफ वापरत नाहीत, गार पाणी भरून दाब देतात. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि नंतरच्या चाचण्यांना दीडपट. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे बॉयलर फुटलाच तर पाणी ठिबकतं, स्फोट होत नाही.

मोठी गॅसटाकी: साधा वाटणारा बदल, पण फसवा

नवीन माणूस हमखास हा बदल करू पाहतो. एका भरणीत इंजिन साधारण वीस-पंचवीस मिनिटं चालतं. मग वाटतं, टाकी मोठी केली तर तासभर चालेल.

इथे कारखान्याने एक शहाणपण करून ठेवलेलं असतं. गॅसटाकीचं माप असं ठेवतात की पाणी संपण्याआधी गॅस संपावा. ज्योत विझते, बॉयलरमध्ये थोडं पाणी उरतं, सगळं सुखरूप. टाकी मोठी केली की हा क्रम उलटतो: पाणी आधी संपतं आणि ज्योत कोरड्या तांब्याला तापवत राहते. म्हणजे एक चांगला सुरक्षा-उपाय आपणच काढून टाकलेला असतो.

जास्त वेळ चालवायचंच असेल तर उपाय पाण्याच्या बाजूने करावा लागतो. बॉयलरला आधीच काचेच्या नळीसाठी जागा असेल तर पाण्याची पातळी दाखवणारी काच बसवतात. पाणी भरायच्या तोंडाशी एकमार्गी झडप बसवतात, इंग्लंडमध्ये तिला ‘गुडॉल व्हॉल्व्ह’ म्हणतात. दाबाच्या बाटलीतून तिच्यात पाणी ढकललं की दाब असतानाही ते आत जातं, बाहेर येत नाही. आता पातळी डोळ्यांना दिसते आणि चालू इंजिनातही पाणी घालता येतं. हे आधी करा, टाकीचा विचार नंतर.

गॅसबद्दल आणखी एक. ब्युटेन उणे अर्धा अंशाच्या आसपास उकळतो, म्हणून युरोपच्या थंडीत तो टाकीतून नीट निघत नाही आणि तिथले लोक त्यात प्रोपेन मिसळलेला गॅस वापरतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे त्याचा दाब बराच जास्त. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही मिसळ कशाला हवी? निर्मात्याने सांगितलेला गॅसच भरायचा, लायटरमध्ये भरतात तसा, उघड्यावर आणि पेटलेल्या इंजिनापासून लांब. घरगुती सिलिंडरला नळी लावून टाकी भरायची कल्पना डोक्यात आली तर तिथेच सोडून द्या.

जिथे मनसोक्त हात चालवता येतो

बॉयलर, गॅस आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सोडले तर बाकीचं इंजिन तुमचं. केबिनचं छप्पर, बाजूच्या पाण्याच्या टाक्या, धुराड्याची टोपी, बफर, दिवे, कोळशाचा ढीग. एकाच साच्यातली दोन इंजिनं इतकी वेगळी दिसू शकतात की ती सख्खी भावंडं आहेत हे सांगावं लागतं.

समजा तुम्हाला माथेरानच्या वळणाचं इंजिन हवंय. तिथली पहिली इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बनवली होती, सहा चाकांची, टाकीवाली. घाटातल्या अवघड वळणांसाठी त्यांच्या पुढच्या-मागच्या आसांना क्लीन-लिंडनर नावाची रचना होती: आसावर पोकळ आस, त्यामुळे चाकांची जोडी वळणावर किंचित फिरायची. ही करामत छोट्या मॉडेलमध्ये उतरवायच्या भानगडीत बहुतेक लोक पडत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. बाहेरून दिसणारी ठेवण साधली की डोळा मान्य करतो. सहा चाकांचं तयार टाकीवालं इंजिन घ्यायचं, खऱ्या इंजिनाचे फोटो समोर ठेवायचे आणि केबिन, टाक्या, धुराडं यांचे आकार १६ मिमीच्या हिशोबाने नव्याने पितळी पत्र्यात कापायचे. आधी पुठ्ठ्याचं करून बघा. पुठ्ठा स्वस्त आहे, पितळ नाही.

जोडताना उष्णता लक्षात ठेवायची. इपॉक्सी चिकटवण गरम झालं की ढिलं पडतं. बॉयलरजवळचे भाग बारीक बोल्टनेच धरावेत. बॉयलरच्या मागच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा ड्रायव्हर ठेवाल तर दोन फेऱ्यांत तो झुकायला लागेल.

रंगाचंही तेच. पितळेवर साधा रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात. भाग सुटे करून तेलकटपणा पूर्ण काढायचा, धातूला धरून ठेवणारा एच प्रायमर मारायचा आणि मग रंग. धुराडं आणि त्याखालचा डबा म्हणजे स्मोकबॉक्स सगळ्यात जास्त तापतो, त्याला उष्णतारोधक काळा रंगच हवा. घाईत रंगवून लगेच पेटवलेलं इंजिन कसं दिसतं ते एकदा पाहिलं की माणूस घाई करत नाही.

आवाज, वंगण आणि रिमोट

छोट्या इंजिनाची ‘भक भक’ फार हलकी असते, त्यात गॅस बर्नरचा घोंगाट तिला झाकून टाकतो. म्हणून धुराड्यात वाफ सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक छोटी नळी बसवतात. बासरीत हवा घुमते तशी वाफ तिथे घुमते आणि प्रत्येक ठोका स्पष्ट ऐकू येतो. बदल छोटा, खर्च कमी, आनंद जास्त. मला विचाराल तर पहिला पैसा इथे घालावा.

वंगणाचं यंत्र बहुतेक इंजिनांना असतंच. नसेल तर ते आधी बसवायला हवं. रचना गंमतशीर आहे: वाफेच्या नळीला जोडलेल्या छोट्या डबीत जाड तेल भरतात. थोडी वाफ आत जाऊन थंड होते आणि तिचं पाणी होतं. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि तेल वर उचललं जातं. ते थेंबाथेंबाने वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. एकही हलणारा भाग नाही. तेल मात्र खास स्टीम ऑइलच हवं, सहसा ४६० ग्रेडचं. शिलाई मशीनचं पातळ तेल गरम वाफ धुऊन नेते.

रिमोट नसलेलं इंजिन चढावर रखडतं आणि उतारावर सुसाट सुटतं. वळणावर आडवं पडलं तर ज्योत पेटलेली असते, हे विसरू नका. रिमोटसाठी दोन सर्व्हो लागतात: एक वाफ कमी-जास्त करायला, दुसरा दिशा बदलायला. ते केबिनच्या तळाशी किंवा बाजूच्या टाकीत, बॉयलरपासून जमेल तितके दूर. दांडा टोकाला टेकल्यावरही सर्व्हो ढकलतच राहिला तर तो तापतो आणि बॅटरी खातो, म्हणून दोन्ही टोकांची मर्यादा नीट लावावी. २.४ गिगाहर्ट्झच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते ठरवता येतं. तिथे ‘वाफ बंद’ असंच ठरवून ठेवा.

स्वस्तातलं जुनं इंजिन घ्यावं का?

या छंदात ‘ममोड’ हे नाव वारंवार येतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या ब्रिटिश कंपनीने खेळण्याच्या किमतीत बागेतलं वाफेचं इंजिन आणलं आणि अनेकांचा श्रीगणेशा त्यावर झाला. त्याचे सिलिंडर डोलणारे, एका स्प्रिंगने दाबून धरलेले. दाब वाढला की ते जागेवरून उचलले जातात आणि वाफ बाजूने निसटते. इंधन म्हणजे घन गोळ्या. एकदा पेटल्या की कमी-जास्त करायची सोय नाही. त्यामुळे लोक त्याला नवा बर्नर, नवे सिलिंडर, वंगणाची डबी, वाफेची झडप असं एकेक लावत गेले आणि त्यावर सुट्या भागांचा एक छोटा बाजारच उभा राहिला. हळूहळू शिकायचं असेल तर हा मार्ग मजेचा आहे. फक्त चांगलं चालणारं इंजिन हवं असेल तर सगळे भाग जोडून होणारा खर्च आधी मांडून पाहा. सेकंडहँड पण चांगल्या बनावटीचं इंजिन अनेकदा परवडतं.

उलट टोकाला जपानच्या ‘अॅस्टर’सारखी मर्यादित संख्येत निघालेली इंजिनं. १९७५ पासून ही कंपनी अशी मॉडेल्स काढत आली. ती मूळ रूपातच जपलेली बरी, रंग बदलला की संग्राहकांच्या लेखी तिचं मोल उतरतं.

बदल केल्यानंतर पहिली फेरी

लगेच रुळावर ठेवून पेटवायचं नसतं. इंजिन चाकं अधांतरी राहतील असं ठोकळ्यावर ठेवतात आणि सायकलच्या पंपाने किंवा छोट्या कॉम्प्रेसरने थोडी हवा देऊन चाकं फिरवून पाहतात. कुठे अडतंय, कुठून हवा निसटतेय, दिशा बरोबर बदलते का, हे गार असतानाच कळतं. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की गळती बुडबुड्यांतून दिसते. गॅसचे जोडही ज्योत न लावता असेच तपासतात.

मग डिस्टिल्ड किंवा स्वच्छ पावसाचं पाणी भरायचं, कारण बोअरिंगच्या पाण्यातले क्षार बॉयलरमध्ये बसतात. पहिल्यांदा पेटवल्यावर डोळे दाबमापकावर ठेवायचे. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला स्वतःहून उघडला आणि दाब तिथेच थांबला, तरच पुढे जायचं. नाही उघडला तर गॅस बंद, इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं आणि त्या दिवशी फेरी नाही. सगळं नीट असेल तर सुरुवातीला सिलिंडरमधलं साचलेलं पाणी धुराड्यातून पिचकारीसारखं उडतं, तेव्हा तोंड वर वाकवून बघत राहू नका. दोन-चार वेळा पुढे-मागे केलं की ते संपतं आणि इंजिन हलकेच चालू लागतं.